झाकली मूठ आणि गळकं छत

नवीन सोसायटीतला पहिला पावसाळा फार शिकवून जातो. गेस्टरूमच्या कोपऱ्यात आधी एक फिकट डाग येतो, मग रंगाचे पोपडे सुटतात, मग तो वास. आणि मग सुरू होतो आपल्या मध्यमवर्गाचा खास आवडता कार्यक्रम, म्हणजे कुणाला कळू न देणे. कपाट सरकवा, मोठं पेंटिंग लावा, पाहुणे आले की त्या खोलीचं दार लोटून घ्या. लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर "आमच्याकडे नाही हो काही, तुमच्याकडे?" "छे, आमच्याकडेही नाही." दोघांच्याही घरी बादल्या!

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर ती सव्वा कोटीची आहे, त्यामुळे आणखीच घट्ट. माझं स्पष्ट मत असं, की बिल्डरची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे त्याचा वकील नाही, त्याच्या राजकीय ओळखीही नाहीत. ती ही झाकलेली मूठ आहे. पाच वर्षं सगळ्यांनी ती नीट झाकून ठेवली की बिल्डर सुटला.

पाच वर्षं का, ते सांगतो. रेरा कायद्याबद्दल आपल्या ऑफिसातल्या कुणालाही विचारा, त्याला एवढंच माहीत असतं की पझेशनला उशीर झाला तर व्याज मिळतं. पण त्याच कायद्यात कलम १४ चं पोटकलम ३ आहे, आणि घरात राहायला गेल्यावर खरं उपयोगी पडतं ते हेच. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांच्या तरतुदीत दोष निघाला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही केला, तर घरमालकाला नुकसानभरपाई. जुन्या मोफा कायद्यात, म्हणजे १९६३ च्या, ही मुदत तीन वर्षं होती. रेराची ही कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली.

यातला 'किंवा' महत्त्वाचा. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस तुम्हाला हमखास ऐकवणार, "सर, पाच वर्षांची वॉरंटी फक्त स्ट्रक्चरल डिफेक्टला असते. लीकेज हा मेंटेनन्स इश्यू आहे." हे चक्क खोटं आहे. कारागिरीतला दोषही त्यात येतो. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग ही कारागिरी नाही तर काय, निसर्गाची कृपा?

बरं, आता प्रत्यक्षात काय होतं ते बघू. आमच्या सोसायटीचं उदाहरण देतो (बिल्डरचं नाव घेत नाही, पुण्यात घर असेल तर तुमच्याच बिल्डरचं नाव घालून वाचा, चालेल). त्यांचं एक छान ॲप आहे. त्यात तिकीट टाकायचं. दोन दिवसांत दोन पोरं येतात, पोपडे खरवडतात, पुट्टी भरतात, रंगाचा एक हात मारतात आणि फोन पुढे करतात, "सर, ओटीपी सांगा ना." ओटीपी दिला की तिकीट बंद. पुढच्या पावसात डाग त्याच जागी, तोच आकार. पुन्हा तिकीट. नंबर नवीन, म्हणजे त्यांच्या रेकॉर्डला ती नवीन तक्रार! आधीचा दोष 'दुरुस्त' झालेला आहे.

आपण सगळे दिवसभर हेच धंदे करतो, त्यामुळे हा प्रकार ओळखायला कठीण जाऊ नये. बगचं कारण न शोधता एरर मेसेज लपवला आणि तिकीट क्लोज केलं. आपल्याकडे असं कुणी केलं तर क्लायंट कॉलवर भादरून काढतो. इथे क्लायंट आपण आहोत आणि आपण ओटीपी देतो.

पाणी हा फार लबाड प्राणी आहे. ते जिथे दिसतं तिथून आलेलं नसतं. बहुतेक बाथरूममध्ये स्लॅब एक-दीड फूट खाली घेतलेला असतो, संकन स्लॅब म्हणतात त्याला. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, मग पाइप, मग भराव, मग टाइल. नाहणी ट्रॅपच्या सांध्यात किंवा पाइप भिंतीतून बाहेर पडतो त्या भोकाशी फट राहिली की पाणी त्या भरावात साठतं. महिनोन् महिने साठतं. मग स्लॅबमध्ये जिथे काँक्रीट पोकळ राहिलं असेल तिथून खालच्या घरात उतरतं, किंवा आडवं जाऊन बेडरूमच्या भिंतीत. खालच्या काकूंना वाटतं वरच्यांचं बाथरूम गळतंय, वरच्यांना वाटतं काकू उगाच भांडतायत. बिल्डर दोघांनाही सांगतो, "तुम्ही आपसात मिटवा." आमच्याकडे दोन कुटुंबं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. शेवटी निघालं काय, तर डक्टमधल्या ड्रेनेजच्या उभ्या पाइपाचा सांधाच नीट बसवला नव्हता. वरच्यांचाही दोष नाही आणि काकूंचा तर नाहीच.

हे शोधायला फार मोठं विज्ञान लागत नाही. ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी तुंबवायचं, पातळीची खूण करायची आणि २४ तास थांबायचं. खरं तर ही टेस्ट टाइल लावायच्या आधी, साइटवर करायची असते. किती ठिकाणी होते, देव जाणे. आमच्या कमिटीने ती टेस्ट आणि बाकीची तपासणी बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेतली. खर्च ८४ फ्लॅटमध्ये वाटला तर एका घराला एका पिझ्झा पार्टीपेक्षा कमी आला. आणि तरीही त्या मीटिंगमध्ये दीड तास वाद झाला, की बिल्डरचा दोष शोधायला आपण का पैसे द्यायचे.

का द्यायचे? कारण पुट्टीवाल्या पोराच्या ओटीपीला उत्तर द्यायचं तर कागद लागतो. दोष काय, कुठे, कारण काय, दुरुस्तीला किती खर्च येईल, हे कुणा जाणकाराने सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं असलं की संभाषणाचा सूरच बदलतो. आणि कायद्यातले ते ३० दिवस मोजायचे कधीपासून, तर तुम्ही दोष नजरेस आणून दिल्यापासून. ॲपवरचं तिकीट उद्या गायब होऊ शकतं. पोस्टाची पोचपावती होत नाही. पोस्टात जाऊन रांगेत उभं राहायचं म्हटलं की आपल्या पिढीला कापरं भरतं, पण करा एवढं.

आता करारनामा. तो सत्तर-ऐंशी पानी कागद आपण कुणीच वाचत नाही, रजिस्ट्रेशनच्या दिवशी पानापानावर सह्या करताना मनात हिशोब हप्त्याचा चालू असतो. त्यात दोष-दायित्वाचं कलम काढून बघा. पुण्या-मुंबईतल्या अनेक करारांत एक ओळ सापडेल, की बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बाथरूम, टॉयलेट, किचनमध्ये काही फेरफार केला तर दोष-दायित्व आपोआप रद्द. म्हणजे तुम्ही हौसेने इटालियन टाइल बसवली की खेळ खल्लास.

इथे मला बिल्डरची बाजूही थोडी पटते, उगाच नाही म्हणायचं कशाला. पझेशन मिळाल्या मिळाल्या इंटिरिअरवाल्याला बोलावून अख्खं बाथरूम फोडणारे महाभाग प्रत्येक मजल्यावर असतात. हातोड्याच्या घावांनी खालचं वॉटरप्रूफिंग फाटतं आणि खालच्या घराचं छत गळायला लागतं. त्याची भरपाई बिल्डरने का द्यावी? त्याने देऊ नये. पण बेडरूमची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओली होते आणि तुम्ही किचनचा ओटा वाढवलेला आहे, म्हणून दावा रद्द, असं जेव्हा सांगतात तेव्हा ते कलमाचं वाचन नसतं, दादागिरी असते. आमच्याकडे एकांना तर बाल्कनीला जाळी बसवली म्हणून 'वॉरंटी व्हॉइड' असं कळवलं होतं. कबुतरांची जाळी हो!

दुसरा प्रकार म्हणजे ताबा देताना सही करून घेतलेला कागद. "फ्लॅट तपासून घेतला, काहीही तक्रार नाही, यापुढे कोणताही दावा करणार नाही." सही केल्याशिवाय किल्ली नाही. घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू असलेला माणूस काय करणार, करतो सही. पुढे त्याला वाटतं की आपले हात कापले गेले. असं घाबरायचं कारण नाही. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये पायोनिअर अर्बनच्या खटल्यात एकतर्फी कलमं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं म्हटलं. ऑगस्ट २०२० मध्ये बंगळुरूच्या एका प्रकल्पाच्या खटल्यात, डीएलएफ सदर्न होम्सच्या, कोर्टापुढे उशिराच्या भरपाईचा मुद्दा होता, तिथेही ताबा घेतला किंवा खरेदीखत केलं म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही असं सांगितलं. आणि मुळात घर बांधून देणं ही 'सेवा' आहे आणि त्यातली कमतरता ग्राहक कायद्याखाली येते, हे तर १९९३ मध्येच ठरलेलं आहे, लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात. तेव्हा आपल्यातले निम्मे शाळेत होते आणि उरलेले जन्मायचे होते.

दाद मागायला दोन दारं आहेत. एक रेराचं. तिथे भरपाई ठरवायचं काम न्यायनिर्णय अधिकाऱ्याचं, जो जिल्हा न्यायाधीश असतो किंवा होऊन गेलेला असतो. अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा, नाही जमलं तर कारण लिहून ठेवावं, असं कायदा म्हणतो (लिहून ठेवलेल्या कारणांचं एक पुस्तक निघेल). दुसरं दार ग्राहक आयोगाचं. तिथे घराला दिलेल्या किमतीवरून कुठे जायचं ते ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्हा, तिथून २ कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय आयोग. म्हणजे पुण्यातला सत्तर-ऐंशी लाखांचा साधा टू बीएचके थेट राज्य आयोगात जातो. आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवं. रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या खटल्यात सांगितलेलं आहे.

भरपाई म्हणजे नेमकं काय मागायचं, यात लोक फार गडबडतात. एक टोक म्हणजे "नुसती दुरुस्ती करून द्या, आम्हाला पैसे नकोत" अशी साधुसंतांची भूमिका. दुसरं टोक "मानसिक त्रासाचे पन्नास लाख". कलम ७२ वाचलं तर अधिकाऱ्याने काय बघायचं ते लिहिलेलं आहे, चुकीमुळे बिल्डरला किती गैरफायदा झाला, तुम्हाला किती नुकसान झालं, चूक पुन्हापुन्हा झाली का. म्हणजे पुट्टीची तीन तिकिटं हा तुमच्या विरुद्धचा पुरावा नाही, तुमच्या बाजूचा आहे! कुजलेल्या वॉर्डरोबचं बिल, दुसऱ्यांदा मारलेल्या रंगाचं बिल, बाळाला त्या खोलीत झोपवता येईना म्हणून तीन महिने भाड्याने घेतलेल्या जागेचा करार, हे सगळं जपून ठेवा. साधुसंतांना माझा एकच प्रश्न आहे. तुमचा वॉर्डरोब कुजला त्यात बिल्डरवर उपकार करण्यासारखं काय होतं?

इथवर आलं की तडजोडीचा प्रस्ताव येतो. आम्हाला आला तो असा, एक वर्षाचा मेंटेनन्स माफ, क्लबहाउसला दोन नव्या ट्रेडमिल, आणि बदल्यात कमिटीने 'सर्व तक्रारींचे निवारण झाले' असं पत्र द्यायचं. मीटिंगमध्ये चक्क टाळ्या पडल्या. मी विरोधात बोललो आणि दोन महिने लोकांच्या नजरा सोसल्या. पण हिशोब बघा ना. मेंटेनन्स माफ झाला तो सगळ्यांचा, ज्यांच्या घरी थेंबही गळत नाही त्यांचाही. आणि ज्या अकरा घरांत भिंती ओल्या आहेत त्यांचा पाच वर्षांचा हक्क गेला. बहुमताने अल्पमताची भिंत विकली. ट्रेडमिल घ्यायच्या तर वर्गणी काढून घ्या की.

आणि ते लोक टाळ्या का वाजवतात, हेही मला कळतं. प्रत्येक सोसायटीत तीन-चार जण फ्लॅट विकायच्या तयारीत असतात. कुणी अमेरिकेला चाललाय, कुणी मोठ्या घरात. त्यांना वाटतं सोसायटीने रेरात केस टाकली की बातमी पसरणार, दर पडणार. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, "कृपया फोटो टाकू नका, ब्रोकर लोक ग्रुपमध्ये आहेत." मला यात राग येण्यापेक्षा वाईट वाटलं. कारण तो फ्लॅट उद्या घेणार कोण? आपल्याच ऑफिसातलं एखादं नवीन लग्न झालेलं जोडपं, वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊन. मूठ आपण झाकायची आणि उघडायची त्यांनी, तीही पाच वर्षं उलटून गेल्यावर.

शिवाय ही भीती व्यवहारालाही धरून नाही. रेराच्या व्याख्येत 'अलॉटी' म्हणजे फक्त पहिला खरेदीदार नाही, त्याच्याकडून विकत घेणाराही त्यात येतो. म्हणजे दाव्याचा हक्क घराबरोबर पुढे जातो. शहाणा खरेदीदार उलट विचारेल, तुमच्या सोसायटीने दोष लेखी कळवलेत का, तपासणीचा रिपोर्ट आहे का? जिथे कुणी कधीच तक्रार केली नाही अशा गळक्या बिल्डिंगपेक्षा, जिथे केस चालू आहे आणि खर्च कुणी करायचा हे ठरतंय अशी बिल्डिंग मी तरी आधी घेईन.

निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, हेही सांगून टाकतो. भरपाई जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची तरतूद आहे, म्हणजे वॉरंट जातं कलेक्टर ऑफिसात आणि तिथे ते विसावतं. एक बरं आहे, बिल्डरला अपील करायचं तर आधी पैसे भरावे लागतात, घरमालकाला द्यायची रक्कम व्याज-भरपाईसकट अपिलेट ट्रायब्युनलमध्ये जमा केल्याशिवाय अपील ऐकलं जात नाही. त्यामुळे नुसतं वेळ काढायला अपील करणं तितकं स्वस्त राहिलेलं नाही. कायद्यातल्या या एका कलमासाठी मी खासदारांचे सात गुन्हे माफ करायला तयार आहे.

पण पाच वर्षं पुरेशी आहेत का? माझ्या मते मुळीच नाहीत. गळती लवकर दिसते. काँक्रीटचं दुखणं उशिरा दिसतं. सळईवर काँक्रीटचं जे आवरण हवं, स्लॅबला साधारण २० मिलिमीटर आणि कॉलमला ४०, ते कमी पडलं किंवा काँक्रीटला नीट पाणीच मारलं नाही, तर हवा आणि ओल हळूहळू सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि काँक्रीट आतून फुटतं. हे सगळं आठ-दहा वर्षांचं काम आहे. दिल्लीत मुखर्जी नगरला सिग्नेचर व्ह्यू नावाची वसाहत आहे, ३३६ फ्लॅट, बांधणारा कुणी फुटकळ बिल्डर नाही तर खुद्द दिल्ली विकास प्राधिकरण. २०१० च्या आसपास बांधलेल्या या इमारती २०२३ मध्ये महापालिकेने धोकादायक ठरवल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या पाडायचा निर्णय कायम ठेवला, पुनर्बांधणी होईपर्यंत रहिवाशांना भाडं द्या असं प्राधिकरणाला सांगून. गुरुग्रामला चिंटेल्स पॅराडिसोमध्ये १० फेब्रुवारी २०२२ ला एका टॉवरचे एकाखाली एक स्लॅब कोसळले, दोन महिला गेल्या. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड सापडलं, ज्याने सळया भराभर गंजतात. हे पाचव्या वर्षी कुणाला भिंतीकडे बघून कळणार होतं?

इंग्लंडने २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यात अशा दाव्यांची मुदत नव्या घरांसाठी १५ वर्षं केली आणि आधी बांधलेल्यांसाठी चक्क ३० वर्षं मागे जायची मुभा दिली. आपल्याकडे गळती-कारागिरीला पाच ठेवा, चालेल. पण सांगाड्याला निदान पंधरा हवीत, आणि ताबा देताना बिल्डरने न निवडलेल्या इंजिनिअरचा टेस्ट रिपोर्ट सोसायटीच्या हातात पडायला हवा. आपण दोन पानांचं फीचरसुद्धा क्लायंटच्या सहीशिवाय लाइव्ह करत नाही राव, इथे बारा मजले लाइव्ह होतात.

तोवर जे हातात आहे ते पाच वर्षांचं कॅलेंडर. आमची अजून चौदा महिन्यांची शिल्लक आहे. टाळ्यांच्या मीटिंगनंतर ते पत्र शेवटी दिलं गेलं नाही, कारण अकरा घरांनी मिळून लेखी हरकत घेतली, आणि त्यात सगळ्यात पहिली सही खालच्या काकूंची होती, दुसरी त्यांच्या वरच्यांची. येत्या शनिवारी इंजिनिअर पुन्हा येतोय, पार्किंगमधल्या कॉलमची रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट करायला. बिल्डरलाही लेखी बोलावलंय, त्यांनी माणूस पाठवला तर उत्तम, नाही पाठवला तर तसं रिपोर्टात लिहायला सांगितलंय.